विसरलेल्या पासवर्डचं पान

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की लॉगिनचं पान कितीही भक्कम बांधा, चोर येणार तो "पासवर्ड विसरलात?" वरूनच, कारण तिथे पासवर्ड लागतच नाही. झालं, महिनाभर मेलबॉक्समध्ये तोच विषय. त्यातली काही पत्रं घेतेय. नावं कुणाचीच छापत नाही, उगाच ऑफिसात बोलणी बसायला नकोत.

प्रश्न : ताई, मी एका पतसंस्थेचं सभासद पोर्टल सांभाळतो. पीएचपीमधलं आहे, माझ्या आधीच्याने बारा-तेरा वर्षांपूर्वी लिहिलेलं. सभासद पासवर्ड विसरला की सिस्टिम त्याला त्याचाच जुना पासवर्ड मेल करते. लोकांना हे फार आवडतं. आता ऑडिटमध्ये आक्षेप आलाय आणि चेअरमनसाहेब म्हणतात चालू आहे ते कशाला मोडता. सुरुवात कुठून करू? — एकटा डेव्हलपर, सांगली

उत्तर : आधी त्या ऑडिटरला चहा पाजा. जुना पासवर्ड मेल करता येतोय म्हणजे तो डेटाबेसमध्ये वाचता येईल असा पडलेला आहे, आणि डेटाबेसची एक कॉपी बाहेर गेली की सगळ्या सभासदांचे पासवर्ड गेले, आणि तोच पासवर्ड त्यांनी जीमेललाही ठेवलेला असतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. चेअरमनसाहेबांना हॅशिंग (पासवर्ड परत वाचता येणार नाही अशा रूपात साठवणं) वगैरे समजावत बसू नका. त्यांना विचारा, लॉकरची किल्ली कुणी हरवली तर आपण दुसरी किल्ली पोस्टाने पाठवतो का? नाही ना, आपण कुलूपच बदलतो. बस, एवढंच करायचंय.

पहिलं काम डेटाबेसमधलं. पासवर्डच्या कॉलमची रुंदी बघा. बीक्रिप्ट या हॅशिंगच्या पद्धतीचा हॅश 60 अक्षरांचा असतो आणि जुन्या टेबलात तो कॉलम हमखास 20 किंवा 32 चा असतो, मग हॅश अर्धा कापून साठवला जातो आणि सोमवारी सकाळी एकालाही लॉगिन होत नाही. मी हे करून बसलेय म्हणून सांगते. कॉलम 255 चा करा, मग एक स्क्रिप्ट चालवून सगळे पासवर्ड एकदमच पासवर्ड_हॅश फंक्शनमधून काढा. "सभासद जसजसे लॉगिन करतील तसतसे बदलू" असलं करू नका, जे तीन वर्षं फिरकलेच नाहीत त्यांचे पासवर्ड तसेच उघडे राहतात. आणि हो, जुने बॅकअप! ती एसक्यूएल फाइल मॅनेजरच्या पेनड्राइव्हवर पण असणार. तीही शोधायची.

आता लिंक. कुणी विसरलो म्हणाला की एक लांबलचक रँडम टोकन बनवायचं, ते मेलमधल्या लिंकमध्ये टाकायचं. पीएचपी 7 पासून रँडम_बाइट्स आहे, त्यातून 32 बाइट घ्या. जुन्या कोडमध्ये वेळेचा एमडी5 हॅश काढून तेच टोकन म्हणून वापरलेलं फार दिसतं, पण रिक्वेस्ट कितीच्या सुमाराला टाकली हे टाकणाऱ्याला माहीतच असतं की, मग तो आजूबाजूच्या वेळा टाकून बघतो. डेटाबेसमध्ये टोकन तसंच ठेवू नका, त्याचा एसएचए-256 हॅश ठेवा, कारण ते टोकन म्हणजे थोड्या वेळापुरता पासवर्डच आहे. एकदा वापरलं की मेलं पाहिजे, नवं मागितलं की आधीचं मेलं पाहिजे.

मुदत किती ठेवायची यावर लोक भांडतात. साइट बांधायच्या तयार साच्यांत (फ्रेमवर्क वगैरे) बघा, लॅराव्हेलमध्ये मुळात 60 मिनिटं असते, वर्डप्रेसमध्ये 1 दिवस, जँगोमध्ये 3 दिवस. पैशाचा मामला आहे तर मी 1 तासाच्या वर जाणार नाही, पण तुमच्याकडे मेल वडलांच्या नावाने आणि तो उघडणारा मुलगा पुण्यात, तोही रात्री जेवण झाल्यावर, असे सभासद बरेच असतील, तर पहिल्या महिन्यात किती लिंका मुदत संपल्यावर दाबल्या जातात ते लॉगमध्ये बघा आणि मग ठरवा.

एक गोष्ट नव्वद टक्के डेव्हलपर विसरतात असं म्हणायचा मोह होतोय पण आकडा माझ्या मनचा आहे. लिंकमधलं साइटचं नाव कुठून येतं? ते ब्राउजरने पाठवलेल्या होस्ट हेडरमधून (कुठली साइट हवी ते सांगणारी ओळ) उचललं असेल तर कुणीही त्या हेडरमध्ये स्वतःची साइट घालून तुमच्या सभासदाच्या नावाने रिसेट मागू शकतो. मेल तुमच्याच सर्व्हरवरून जातो, अगदी खरा, फक्त लिंक चोराच्या दारात नेते. साइटचं नाव कॉन्फिग फाइलमध्ये पक्कं लिहून ठेवा.

नवा पासवर्ड सेव्ह झाला की त्या माणसाची बाकी सगळी चालू लॉगिन बंद करा, आणि "तुमचा पासवर्ड बदलला, तुम्ही बदलला नसेल तर शाखेत कळवा" असा मेल टाका. त्या मेलमध्ये पासवर्ड नाही लिहायचा. हसू नका, लिहितात.

ज्यांना मेलच नाही त्यांच्यासाठी शाखा आहे ना तुमची. ओळखपत्र दाखवा, सही जुळवा, ही पद्धत काही मागासलेली नाही, उलट बड्या बड्या कंपन्यांकडे ती सोयच नसते. फक्त काउंटरवरच्या क्लार्कने पासवर्ड सेट करून द्यायचा नाही. नाहीतर पंधरा दिवसांत अर्ध्या गावाचा पासवर्ड संस्थेचं नाव आणि पुढे 123. क्लार्कने फक्त एक बटण दाबायचं, एकदाच चालणारा कोड छापला जाईल, बाकी सभासद स्वतः करेल.

प्रश्न : आम्ही सल्ल्याप्रमाणे "हे खातं आमच्याकडे असेल तर मेल पाठवला आहे" असा मेसेज टाकला. आता सपोर्टला रोज फोन, मेल आला नाही, मेल आला नाही. बघावं तर यांनी रजिस्टर भलत्याच मेलने केलेलं असतं. सरळ "असं खातं नाही" सांगितलं तर काय बिघडतं? — नाशिक

उत्तर : बिघडतं ते साइटवर अवलंबून आहे. मेल आयडींची एखादी यादी घेऊन कुणी एकेक टाकत बसला तर तुमच्याकडे कोणकोण खातेदार आहेत ते त्याला फुकट कळतं. किराणा मागवायची साइट असेल तर ठीक, पण लग्न जुळवायची, आजाराची किंवा कर्जाची असेल तर नुसतं खातं आहे एवढं कळणंही पुरे. त्यामुळे मेसेज तसाच ठेवा.

फोन कमी करायचा उपाय वेगळा आहे. खातं नसलेल्या पत्त्यावरही मेल पाठवा. "या पत्त्याने आमच्याकडे खातं नाही, दुसरा एखादा मेल वापरला होता का बघा." स्क्रीनवर दोघांना तेच दिसतं पण मेलबॉक्सच्या मालकाला खरं काय ते कळतं. मात्र यालाही मर्यादा घाला, नाहीतर तुमच्या सर्व्हरवरून कुणाला तरी छळायची सोय होईल.

आणि एक तपासा. खातं असेल तेव्हा तुमचं पान दोन सेकंद घेतं आणि नसेल तेव्हा लगेच येतं, असं होतंय का? बहुतेक होत असणार, कारण मेल पाठवायचं काम त्याच रिक्वेस्टमध्ये चाललंय. मेसेज कितीही गुळमुळीत लिहा, घड्याळ सगळं सांगून टाकतं. मेल क्यूमध्ये टाका, म्हणजे पान लगेच दाखवायचं आणि मेल मागून जाऊ द्यायचा. रजिस्ट्रेशनचं पानही बघा, तिथे "हा मेल आधीच नोंदवलेला आहे" असं मोठ्या लाल अक्षरात येत असेल तर इकडचं सगळं मुसळ केरात.

प्रश्न : आमच्या ट्रेनिंगच्या अ‍ॅपमध्ये काही जणांना रिसेट लिंक पहिल्यांदाच दाबली तरी "ही लिंक वापरली गेली आहे" येतं. सगळ्यांना नाही, फक्त कंपन्यांकडून येणाऱ्यांना. जीमेलवाल्यांना कधीच नाही. वेड लागायची पाळी आली. — पणजी

उत्तर : या प्रश्नाने माझे चार दिवस खाल्ले होते. एका क्लायंटकडे अगदी हेच, आणि तिथले लोक शपथेवर सांगत होते की आम्ही एकदाच दाबली, आणि मी मनात म्हणत होते दोनदा दाबली असणार, डबल क्लिकची सवय. शेवटी वेब सर्व्हरचा लॉग उघडून एका माणसाची लिंक शोधली. मेल गेला 11 वाजून 2 मिनिटं 10 सेकंदांनी, लिंक पहिल्यांदा उघडली गेली 11 वाजून 2 मिनिटं 14 सेकंदांनी, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) कुठल्यातरी डेटा सेंटरचा. माणूस तेव्हा जेमतेम इनबॉक्स रिफ्रेश करत असेल. कंपन्यांच्या मेल सर्व्हरवर स्कॅनर बसवलेले असतात, ते आलेल्या मेलमधली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघतात, व्हायरस-फिशिंग काही आहे का म्हणून. आमचा कोड लिंक उघडली की लगेच टोकन वापरलं असं लिहून टाकत होता. म्हणजे एकदाच चालणारी ती लिंक स्कॅनरनेच वापरून टाकली होती, आणि मी बिचाऱ्या लोकांवर संशय घेत होते.

उपाय दोन ओळींचा. लिंक उघडली की नुसता फॉर्म दाखवायचा, टोकन मारायचं नाही. नवा पासवर्ड लिहून बटण दाबलं, म्हणजे पोस्ट रिक्वेस्ट आली, की मगच मारायचं. स्कॅनर सहसा फॉर्म भरत नाहीत.

त्या पानावर आलाच आहात तर अजून एक काम करा, तिथून अ‍ॅनालिटिक्स, चॅटचा फुगा, बाहेरचे फॉन्ट सगळं काढून टाका. टोकन पत्त्यातच असतं, आणि पान बाहेरून काही मागवतं तेव्हा तो पत्ता रेफररमध्ये (मागणी कुठल्या पानावरून आली ते सांगणारी ओळ) बाहेर जाऊ शकतो. रेफरर पॉलिसीला नो-रेफरर लावा.

प्रश्न : मेल-बिल नको, "आईचं माहेरचं आडनाव" वगैरे तीन प्रश्न विचारा, लोकांना सोपं पडतं असं आमचे सर म्हणतात. — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सरांना घरातली एक लग्नपत्रिका आणायला सांगा. मामांची नावं आडनावासकट छापलेली, मूळ गाव छापलेलं, आणि पत्रिका हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या गावाला. 2008 मध्ये अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं एका कॉलेजातल्या मुलाने असंच उघडलं होतं, जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा कुठे भेटला एवढ्या भांडवलावर, आणि हे सगळं इंटरनेटवर होतंच.

बरं, गंमत अशी की खऱ्या मालकालाही उत्तर आठवत नाही. गूगलने 2015 मध्ये आपल्याच खात्यांचा अभ्यास छापला होता, त्यात अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या 40 टक्के लोकांना स्वतःचं उत्तर सांगता आलं नव्हतं, आणि आवडता पदार्थ कोणता याचं उत्तर पहिल्याच अंदाजात बरोबर यायची शक्यता जवळजवळ 20 टक्के निघाली होती. तिकडे पिझ्झा. आपल्याकडे काय, मिसळ नाहीतर बिर्याणी. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने 2017 च्या नियमावलीत असले प्रश्न विचारूच नका असं सांगून टाकलंय. ते प्रश्न काढा, डेटाबेसमधली उत्तरंही पुसा.

प्रश्न : फ्रेमवर्क हे सगळं करून देतं ना? मग आपण कशाला डोकं लावायचं? — हिंजवडी

उत्तर : फ्रेमवर्कचंच वापरा, स्वतःचं लिहू नका, यात वाद नाही. जँगोचं बघा किती छान आहे, टोकन डेटाबेसमध्ये ठेवतच नाहीत, ते आताच्या पासवर्डच्या हॅशवरून, शेवटच्या लॉगिनवरून आणि वेळेवरून बनवतात, त्यामुळे पासवर्ड बदलला की जुनं टोकन आपोआप बाद. पण अपडेट लावत राहायचं. याच जँगोमध्ये डिसेंबर 2019 मध्ये एक भोक सापडलं. तुर्की भाषेत बिनटिंबाचा आय असतो, तो मोठ्या लिपीत नेला की साधा कॅपिटल आयच होतो. त्यामुळे मेल आयडी लहान-मोठं अक्षर न बघता जुळवताना बिनटिंबाचा आणि टिंबवाला दोन्ही पत्ते एकच समजले जायचे, आणि लिंक मात्र फॉर्ममध्ये जो लिहिला त्या पत्त्यावर जायची. म्हणजे बिनटिंबाचा तसाच पत्ता घेऊन बसलेल्या चोराच्या. दुरुस्ती साधीच होती, पत्ता फॉर्ममधला घ्यायचा नाही, डेटाबेसमधला घ्यायचा, आणि दोन्हींची तुलना नीट करायची.

कोड ठेवायची सेवा गिटलॅब, तिचं तर अजून ताजं. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी कबूल केलं की रिसेटच्या फॉर्ममध्ये एकाऐवजी दोन पत्ते यादी करून पाठवले तर लिंक दोन्हीकडे जाते. त्याला धोक्याचे 10 पैकी 10 गुण मिळाले. तो दोष मे 2023 च्या एका बदलात शिरला होता, आणि तो बदल म्हणजे काय तर पर्यायी मेलवरही रिसेट मागता यावं ही सोय. कुणीतरी विसराळू लोकांचं भलंच करायला गेलं होतं.

प्रश्न : आमची साइट पूर्ण मराठीत आहे, पासवर्डही देवनागरीत चालतो. काही सभासद फोनवर रिसेट करतात, फोनवर चालतं, लॅपटॉपवर चालत नाही, मग लॅपटॉपवर रिसेट करतात तर फोनवर बंद. — परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा एक कार्यकर्ता

उत्तर : वा, असं पत्र आलं की कॉलम लिहायला मजा येते. त्यांच्या पासवर्डात "दुसऱ्या", "पुढाऱ्याचा", "वाऱ्यावर" असला शब्द आहे का ते विचारा. पासवर्ड विचारू नका, फक्त हे अक्षर आहे का एवढंच. तो अर्धा र संगणकात किमान तीन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, त्याला नुक्ता आणि हलंत, तिसऱ्यात साधा र, हलंत आणि पुढे एक न दिसणारा जोडणारा खुणेचा ठोकळा. डोळ्यांना तिन्ही सारखेच, हॅश मात्र तीन वेगळे. फोनचा कीबोर्ड एक पाठवतो आणि लॅपटॉपचा दुसरा. हॅश करायच्या आधी युनिकोडचं एनएफकेसी नॉर्मलायझेशन लावा, त्याने पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तिथे तो न दिसणारा ठोकळा असेल तर तो काढून तेवढा र स्वतःच ऱ करून घ्या. आणि हे रिसेट, लॉगिन आणि रजिस्ट्रेशन तिन्हीकडे एकाच फंक्शनमधून, नाहीतर पुन्हा तेच.

दुसरी भानगड अजून छुपी आहे. बीक्रिप्ट पहिले 72 बाइटच बघतं आणि पीएचपीत पुढचं गुपचूप सोडून देतं. इंग्रजीत 72 अक्षरं म्हणजे चिक्कार, पण देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा 3 बाइट खाते. "सोमवारी आजीकडे पुरणपोळी खाल्ली" हा पासवर्ड ठेवा आणि मग "सोमवारी आजीकडे पुरणपोळी खाणार" असं लिहून लॉगिन करून बघा. होतं! "खा" वर 72 बाइट संपतात, पुढे खाल्ली की खाणार याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आर्गॉन2आयडी ही हॅशिंगची दुसरी पद्धत वापरा, पीएचपी 7.3 पासून मिळतं, तिथे ही अडचण नाही.

प्रश्न : एसएमएसवर 4 आकडी ओटीपी देऊन रिसेट करतो, 5 चुका झाल्या की तो आयपी ब्लॉक. पुरेसं आहे ना? — सोलापूर

उत्तर : नाही. 4 आकडे म्हणजे फक्त 10 हजार शक्यता, निदान 6 करा, 10 लाख होतील. पण खरी चूक आयपी मोजण्यात आहे. 2019 मध्ये चेन्नईच्या लक्ष्मण मुथय्या यांनी इन्स्टाग्रामचा रिसेट कोड असाच फोडून दाखवला. कोड 6 आकडी, मुदत 10 मिनिटं, एका आयपीवरून साधारण 200 प्रयत्न चालायचे. त्यांनी 1000 आयपी वापरून 2 लाख कोड एकदम पाठवले आणि एकही अडला नाही. कंपनीने त्यांना 30 हजार डॉलर बक्षीस दिलं. तेव्हा चुका खात्यावर मोजा, 5 झाल्या की तो कोड रद्द, आणि नवा कोड मागितला म्हणून मोजणी शून्यावर आणू नका. मात्र यात खातंच लॉक करू नका हं, नाहीतर शेजाऱ्याला छळायचं साधन होईल, नेहमीचा पासवर्ड चालूच राहू दे.

मेसेजचा मजकूर बदलाल तेव्हा डीएलटीवरचं (एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायची व्यवस्था) टेम्प्लेट आधी बदलून मंजूर करून घ्या. नोंदवलेल्या मजकुराशी जुळलं नाही की एसएमएस वाटेतच गळतो, आणि तुमच्या लॉगमध्ये मात्र "पाठवला" असं दिसत राहतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, प्रोग्रामर नाही. माझा जुना मोबाइल नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडला. मेलचा पासवर्ड विसरलो तर कोड त्याच नंबरवर जातो असं दिसतं. काळजी करण्यासारखं आहे का? — रत्नागिरी

उत्तर : सर, आहे, पण आजच सुटेल. बंद पडलेला नंबर निदान 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत, त्यानंतर देऊ शकतात. मग तुमच्या मेलचा कोड त्या नव्या माणसाच्या फोनवर. तुम्ही अजून ज्या कॉम्प्युटरवर लॉगिन आहात तिथूनच सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदला, तिथून बाहेर पडायच्या आधी. बँक आणि आधारला जुना नंबर असेल तर तोही. मेलमध्ये बॅकअप कोड म्हणून आकड्यांची यादी मिळते, ती छापून घ्या आणि घरात रेशनकार्ड, सातबारा ज्या फाइलमध्ये ठेवता तिथेच ठेवा. वहिनींना सांगून ठेवा कुठे आहे ते. कोणी फोन करून त्यातला एक आकडा वाचून दाखवा म्हणालं तर फोन ठेवून द्या, मग तो बँकेतून बोलतोय म्हणो की माझं नाव सांगो.